वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी

परिचर्येचं शिक्षण वर्गात सुरू होतं आणि रुग्णाच्या खाटेपाशी पुरं होतं. वर्ग आणि खाट यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. त्या उंबरठ्यावर नवशिक्या मुलीला कोणत्या तयारीनिशी उभं करायचं, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

क्रिमियाच्या युद्धातल्या सेवेबद्दल फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सन्मानार्थ इंग्लंडमध्ये सुमारे ४४ हजार पौंडांचा निधी जमला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. रुग्णालयातल्या या नोकरीला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. चांगल्या घरातले आईबाप मुलीला तिथे पाठवायला कचरत. म्हणून पहिल्या १५ उमेदवार मुलींना प्रत्येकी स्वतंत्र खोली, सर्वांना मिळून एक बैठकीची खोली आणि त्याच मजल्यावर देखरेखीला सिस्टर, अशी सोय केली गेली. जेवण, गणवेश आणि वरखर्चाला वर्षाकाठी १० पौंड मिळत.

दर महिन्याला प्रत्येकीची नोंद होई. वॉर्डातल्या कामाबरोबर वक्तशीरपणा, शांतपणा आणि विश्वासूपणा यांचेही रकाने त्यात होते. विश्वासूपणा कशाला? अंथरुणाला खिळलेला माणूस आपलं शरीर, आपली लाज आणि उशाखालची पुरचुंडीसुद्धा परक्याच्या हवाली करतो म्हणून. रुग्णाच्या संरक्षणाचा हा पहिला धडा होता. मात्र मुलगी कशी वागते हे लिहिणाऱ्या त्या कागदावर, तिच्याशी कोण कसं वागतं याचा रकाना नव्हता.

आपल्याकडे पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ससून रुग्णालयाच्या साह्याने परिचारिकांचं शिक्षण सुरू केलं. परक्या पुरुषाची शुश्रूषा, सोवळं-ओवळं, रात्रपाळी, लोक काय म्हणतील... घरच्यांच्या शंका अनेक होत्या. इथेही पुढे टाकलेल्या पावलाला वसतिगृहाचा आधार लागला.

पण वसतिगृहाची भिंत वॉर्डापर्यंत पुरत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर हल्ला झाला, तो रुग्णालयाच्याच आवारात, तिथल्याच सफाई कामगाराकडून. त्यांनी कुठला नियम मोडला होता? कुठलाच नाही. पुढची जवळजवळ ४२ वर्षं, १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये जिची हत्या झाली, ती तर प्रशिक्षणार्थी डॉक्टर होती आणि कामावर होती.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने हा रोख बदलला. उमेदवार आणि प्रशिक्षणार्थी त्यात स्पष्टपणे आले, रुग्णालयंही आली. जबाबदारी मुलीच्या वागणुकीवरून मालकाच्या व्यवस्थेवर गेली. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे तक्रार समिती नेमणं बंधनकारक झालं.

म्हणून पहिल्या पाळीआधी दोन धडे व्हायला हवेत. पडदा ओढल्याशिवाय रुग्णाचे कपडे बाजूला करू नयेत, त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये, त्याची गोष्ट बाहेर बोलू नये, हा एक. आणि रात्री विसावा कुठे घ्यायचा, कुणी त्रास दिला तर कोणाकडे जायचं, हे नावानिशी सांगणं, हा दुसरा. पहिला धडा विद्यार्थिनीची परीक्षा घेतो, दुसरा संस्थेची. आपली मुलगी तिथे पाठवताना आईबापांनी हा दुसरा धडा जरूर विचारून घ्यावा.

(रेडिओवरील भाषण, संपादित)