‘डस्टबस्टर’ आणि पेस्टचा एक थेंब

२००३. एनव्हिडियाचे जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा बाजारात अवतरले. एटीआयच्या रेडिऑन ९७०० प्रोने आदल्याच वर्षी आघाडी घेतली होती. ती मोडण्याच्या ईर्ष्येपायी चिपचा वेग ५०० मेगाहर्ट्झवर नेण्यात आला आणि उष्णताही भडकली. ती बाहेर फेकणारा पंखा एवढा घरघरे, की लोकांनी कार्डाला ‘डस्टबस्टर’ या हातातल्या व्हॅक्युम क्लीनरचे नाव दिले. पुढे कंपनीनेच स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. हे मात्र दिलदारपणाचे!

काही महिन्यांतच ५९०० आले आणि ५८०० अल्ट्रा अल्पायुषी ठरले. आज ते जपणाऱ्या संग्राहकांचा खरा वैरी पंखा नव्हे, तर वाळलेली थर्मल पेस्ट. चिप आणि हीटसिंक कितीही सपाट दिसोत, त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी उरतातच. तिथे अडकलेली हवा उष्णता वाहून नेण्यात तांब्यापेक्षा सुमारे १५,००० पट दुबळी. त्या हवेची जागा घेणे, एवढेच पेस्टचे काम. म्हणून जाड थर उलट अडसर होतो. जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, नवी पेस्ट अगदी थोडी लावावी आणि स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. एकच कोपरा आधी घट्ट केला, तर दाब तिरका पडतो आणि वीस वर्षे टिकलेली चिप दुरुस्तीतच दगावू शकते.