कॅडी : व्यावसायिक गोल्फमधील स्थान

गोल्फ खेळाडूच्या काठ्यांची, म्हणजे क्लबांची, पिशवी वाहणारा व खेळ चालू असता त्याला सल्ला देणारा सहायक म्हणजे कॅडी. या व्याख्येचा पहिला भाग सर्वपरिचित आहे. व्यावसायिक खेळाडूच्या दृष्टीने दुसरा अधिक महत्त्वाचा. वैयक्तिक स्पर्धेची फेरी चालू असता खेळाडूला नियमानुसार फक्त आपल्या कॅडीचाच सल्ला घेता येतो. प्रशिक्षकाला काही विचारल्यास दंड होतो. पुणे जिल्ह्यातील दौंड, शिरूर या भागांत कुस्तीच्या फडात वस्ताद कडेला उभा राहून डाव सुचवितो व त्यात कोणाला गैर वाटत नाही. गोल्फमध्ये हा वस्तादाचा अधिकार पिशवी वाहणाऱ्याकडे गेला आहे. मात्र विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव नसते.

कॅडी हा शब्द ‘कॅडेट’ या फ्रेंच शब्दावरून आला असून अठराव्या शतकात एडिंबरो शहरातील निरोपे व ओझेवाले यांना ही संज्ञा होती. व्यावसायिक गोल्फची सुरुवातच या वर्गातून झाली. स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविक येथे १८६० मध्ये भरलेल्या पहिल्या ‘ओपन’ स्पर्धेसाठी क्लबांनी आपापले ‘प्रतिष्ठित’ कॅडी पाठवावेत, असे निमंत्रण होते. आठ जण खेळले. विजेता विली पार्क हा एके काळचा कॅडीच होता. हौशी खेळाडू तो सभ्य गृहस्थ आणि पैशासाठी खेळणारा तो कॅडीच्या जातकुळीचा, हा भेद पुढे दीर्घकाळ टिकला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वॉल्टर हेगन, जीन सॅराझेन, बेन होगन, बायरन नेल्सन हे नामवंत खेळाडू बालपणी कॅडी होते. त्यांपैकी शेवटचे दोघे तर फोर्टवर्थ येथील एकाच क्लबात.

कॅडीचे खरे काम मैदान जाणण्याचे आहे. चेंडूपासून ग्रीनपर्यंतचे अंतर, वाऱ्याची दिशा, गवताचा कल, ग्रीनचा उतार यांचा अंदाज घेऊन कोणती काठी वापरावी हे तो सांगतो. सेंट अँड्रूझ येथील १९६४ च्या ‘ओपन’ स्पर्धेला आर्नल्ड पामर गेला नाही. त्याचा तेथील कॅडी टिप अँडरसन हा टोनी लेमाला मिळाला. लेमाने ते मैदान पूर्वी पाहिलेले नव्हते व सरावालाही त्याला फारसा वेळ मिळाला नाही. अँडरसनने दाखविलेल्या दिशेने तो खेळत गेला आणि जॅक निक्लॉसपेक्षा पाच फटके कमी घेऊन जिंकला. उलट बाजूचे उदाहरण २००१ मधील. ‘ओपन’च्या अखेरच्या फेरीत इयन वूझ्नमच्या पिशवीत चौदाऐवजी पंधरा काठ्या निघाल्या आणि त्याला दोन फटक्यांचा दंड झाला. मोजणे कॅडीचे काम होते. फटके मात्र खेळाडूच्या नावावर चढले.

ऑगस्टा येथील ‘मास्टर्स’ स्पर्धेचा इतिहास या संबंधाची दुसरी बाजू दाखवितो. १९८२ पर्यंत तेथे खेळाडूला क्लबाचेच कॅडी घ्यावे लागत. हे सर्व कृष्णवर्णीय होते व तेथील फसव्या ग्रीनचे त्यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. १९८३ पासून खेळाडूंना स्वतःचे कॅडी आणण्याची मुभा मिळाली आणि यांतील बहुतेकांचे वर्षातील सर्वांत मोठ्या मिळकतीचे काम गेले. कार्ल जॅक्सन हा मोजक्या अपवादांपैकी एक होय. बेन क्रेनशॉने त्याला सोडले नाही. त्याच्या साहाय्याने क्रेनशॉ १९८४ मध्ये विजयी झाला. १९९५ मध्ये खेळ बिघडलेला असता जॅक्सनने सरावाच्या वेळी दोनच गोष्टी सुचविल्या : उभे राहताना चेंडू किंचित मागे ठेवावा व खांद्यांचे वळण आवळून घ्यावे. क्रेनशॉने त्या वर्षी पुन्हा ‘मास्टर्स’ जिंकली.

भारतात ब्रिटिशांनी १८२९ मध्ये कलकत्त्यास व १८४२ मध्ये मुंबईस गोल्फचे क्लब स्थापन केले. महाराष्ट्रात पुण्याजवळ येरवडा येथेही मैदान झाले. नासिक येथे मात्र ‘गोल्फ क्लब मैदान’ एवढे नावच उरले असून तेथे आता क्रिकेट खेळले जाते. मैदानालगतच्या वस्त्यांतील मुले कॅडी किंवा ‘आगेवाला’ म्हणून कामास लागत. चेंडू कोठे पडतो हे पुढे जाऊन पाहणारा तो आगेवाला. सभासदत्व त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. क्लबाच्या सुटीच्या दिवशी, मागून आणलेल्या जुन्या काठ्यांनी, पाहून-पाहूनच त्यांना खेळ शिकावा लागे. दिल्लीचा अली शेर हा त्यांपैकीच. त्याने १९९१ व १९९३ मध्ये ‘इंडियन ओपन’ जिंकली. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक होय. बंगलोरचा सी. मुनियप्पा हाही पूर्वीचा कॅडी २००९ मध्ये तिचा विजेता ठरला.

दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाचा सेवसुंकर ‘पापवा’ सेवगोलम याचा मार्ग याहून बिकट होता. दरबानमधील हा कॅडी काठी धरताना डावा हात उजव्याखाली ठेवी. शिकविणारा कोणी नसल्याने ही उलटी पकड त्याची कायमची झाली, पण तिनेच त्याने ‘डच ओपन’ तीनदा जिंकली. १९६३ मध्ये तो ‘नाताळ ओपन’ जिंकला, तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबाच्या इमारतीत प्रवेश नव्हता. त्याने चषक बाहेर पावसात स्वीकारला.

व्यावसायिक स्पर्धांत कॅडीला आठवड्याचे वेतन व बक्षिसाचा हिस्सा मिळतो. विजयानंतर तो सामान्यतः दहा टक्के असतो. हा करार बहुधा तोंडी असतो व खेळाडूला तो केव्हाही मोडता येतो. भारतात स्पर्धांची संख्या वाढली, तशी प्रशिक्षकांच्या हाताखाली तयार झालेली पिढी पुढे आली. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये खेळला तो या पिढीतील. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांत चौथी आलेल्या अदिती अशोकची पिशवी तिच्या आईने वाहिली होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती वडिलांच्या खांद्यावर होती.