भोंगा आणि पाळणा

मराठीत बाळ झोपतं ते क्वचितच, बहुतेक वेळा त्याला निजवावं लागतं. क्रियापदच प्रयोजक आहे; कुणीतरी मांडीवर घेणारं, थोपटणारं, पाळण्याची दोरी ओढणारं त्यात गृहीत धरलेलं आहे. 'झोपायला शिकवणं' हा प्रयोग आपल्या भाषेत अगदी अलीकडचा. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे आणि रात्री चार-पाच वेळा उठते, हे सांगितलं की आता लोक दोन गटांत पडतात. सासूबाई म्हणतात, गुटीत जायफळाचा एखादा वेढा जास्त दे. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, स्लीप ट्रेनिंग कर. दार लाव आणि रडू दे, तीन रात्रींत प्रश्न मिटतो. दार लावून रडू देण्याची ही कल्पना मुळात कुठल्या घरात जन्मली, हे शोधायला मी रात्रीच्याच वेळा वापरल्या. एक हात मोकळा असतो.

ते घर न्यूयॉर्कमधलं होतं. तिथल्या बेबीज हॉस्पिटलचे डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ साली मुलांच्या संगोपनावर एक छोटं पुस्तक काढलं. ते मुळात लिहिलं होतं श्रीमंत घरांत मुलं सांभाळणाऱ्या दायांना शिकवण्यासाठी, म्हणून सगळं प्रश्नोत्तरांच्या रूपात. बाळाला झोके द्यावेत का? नाही, ती सवय लागते आणि मोडता मोडत नाही. नुसतं उचलून घ्या म्हणून रडत असेल तर? दुखतखुपत नाही, ओलं नाही, एवढं पाहावं आणि रडू द्यावं. तासभर लागेल, हट्टी बाळ असेल तर दोन-तीन तासही लागतील. पुढे हे पुस्तक आयांच्या हाती गेलं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि दायांची शिस्त ही आयांची शिस्त झाली.

होल्ट काही दुष्ट माणूस नव्हते. त्या काळात उन्हाळा आला की शहरांतली बाळं हगवणीने मरत. वरच्या दुधाची शुद्धता, मोजमाप आणि वेळ यांवर त्यांचा भर होता आणि त्यातलं बरंचसं योग्यच होतं. घोटाळा एवढाच झाला, की दुधाला लावलेलं घड्याळ झोपेलाही लागलं.

या घड्याळाला धर्माची कळा आणली ती न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग यांनी. हे गृहस्थ डनीडिनजवळच्या सीक्लिफ इथल्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख. इस्पितळाच्या शेतावरची वासरं नीट मोजून दूध पाजल्यावर मरेनाशी झाली, तेव्हा हेच माणसांच्या पोरांना का नको, असा विचार त्यांनी केला. १९०७ साली त्यांच्या पुढाकाराने संस्था निघाली; गव्हर्नरांच्या पत्नी लेडी प्लंकेट यांच्या नावावरून ती पुढे प्लंकेट सोसायटी म्हणून ओळखली गेली. किंग यांचा आग्रह अंगावरच्या दुधाचा होता, पण दर चार तासांनी, घड्याळाच्या ठोक्यावर. आणि रात्री काहीही नाही. अधूनमधून उचलून घेणं म्हणजे लाड, आणि लाड म्हणजे पुढच्या नागरिकाचा कणा मोडणं. या बोलण्यात ब्रिटिश साम्राज्याला लागणाऱ्या दणकट माणसांची काळजी स्पष्ट ऐकू येते. १९२८ साली अमेरिकेत जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने तर मुलांना कुशीत घेऊ नका, पापे घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा सल्ला दिला. विद्यापीठातली नोकरी गेल्यावर हे महाशय जाहिरात कंपनीत होते, हे इथे सांगायला हरकत नाही.

या सगळ्यांच्या आयांना त्यांचं ऐकणं शक्य होतं, कारण त्यांच्याकडे एक वस्तू होती: दुसरी खोली. तिला दार होतं आणि मध्ये जाड भिंत होती.

आता त्याच काळातली मुंबई पाहा. आमच्या आजेसासूबाई लालबागच्या चाळीत वाढल्या. दहा बाय बाराची खोली, तिच्यात घरची माणसं आणि गावाकडून आलेले दोन-तीन पुरुष, वेगवेगळ्या पाळ्यांत कामाला जाणारे. "पोर रडलं की आमचंच नव्हे, शेजारच्या खोल्यांतलं बिऱ्हाडही उठायचं. आणि त्यांना पहाटे भोंग्याला हजर व्हायचं असायचं," असं त्या सांगतात. तिथे रडू देणं ही चैन होती. बाळ कुणाच्या तरी अंगाला चिकटून झोपायचं किंवा लुगड्याच्या झोळीत. ते हललं की दोरी ओढायला जो जागा असेल त्याचा हात पुढे व्हायचा.

झोळीइतकीच त्या चाळींत ठाऊक असलेली दुसरी गोष्ट म्हणजे बाळागोळी. तिच्यात अफू असे. गिरण्यांच्या रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत हजारो बायका कामाला होत्या. तान्ह्या मुलाला घरी ठेवायचं तर सांभाळणारी म्हातारी हवी आणि म्हातारी गावाकडे. गोळी दिली की पोर निपचित पडून राही. १९२०च्या दशकात मुंबईतल्या कामकरी बायकांच्या बाळंतपणांची पाहणी झाली, तेव्हा ही सवय किती सर्रास आहे हे सरकारी कागदांवर आलं. पाहणी करणाऱ्यांचा सूर बराचसा असा, की आया अडाणी आहेत. मला हे पटत नाही. ती गोळी मुख्यतः दिवसासाठी होती, आईच्या पाळीच्या तासांसाठी. ज्या बाईला अकरा तास यंत्रापुढे उभं राहायचं होतं आणि घरी परत येऊन चूल पेटवायची होती, तिने घेतलेला तो निर्णय होता. परिणाम भयानक होते: बाळ भूक विसरे, सुके, आणि मात्रा जरा चुकली तर उठतच नसे.

हा काही आपल्याच मागासपणाचा दाखला नव्हे. एंगल्सने १८४५च्या पुस्तकात मँचेस्टरच्या गिरणी कामगारांच्या घरांतल्या 'गॉडफ्रेज कॉर्डियल'बद्दल लिहिलं आहे. तीही अफूच, काकवीत घातलेली. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' नावाने मॉर्फिनच विकलं जाई, गोंडस आया-बाळांची चित्रं छापून. १९०६च्या कायद्याने घटक लेबलवर लिहिणं भाग पडलं, तेव्हा कुठे आयांना कळलं. आपल्या आवडत्या ग्राइप वॉटरमध्येही मूळ कृतीत अल्कोहोल होतं. पोटदुखी थांबायची ती का, याचा अंदाज करावा.

म्हणजे एकाच काळात, एकाच प्रश्नाची दोन उत्तरं. ज्याच्या घरी भिंत होती त्याला शास्त्र मिळालं, ज्याच्या घरी ती नव्हती त्याला अफू मिळाली. दोन्हीकडे मोठ्यांचा दिवस ठरलेला होता आणि बाळाने त्यात बसायचं होतं.

आणि बाळ त्यात बसत नाही, कारण त्याची झोप तशी घडलेलीच नसते. जन्मतः त्याला दिवसरात्र कळत नाही. अंगातलं घड्याळ दोन-तीन महिन्यांनी लागू लागतं. मोठ्यांच्या झोपेचं आवर्तन साधारण दीड तासाचं, तान्ह्याचं तासाभराचं किंवा थोडं कमी, आणि प्रत्येक आवर्तनाच्या काठाशी ते जागं होण्याची शक्यता असते. १९५७ साली लंडनमध्ये मूर आणि उको या संशोधकांनी बाळांच्या रात्रीच्या उठण्याचा अभ्यास केला. साधारण ७० टक्के बाळं तीन महिन्यांच्या सुमारास रात्रभर झोपू लागली, असं त्यांना आढळलं. हा आकडा पालकांना अजून ऐकवला जातो. त्यांची 'रात्र' मात्र मध्यरात्री बारा ते पहाटे पाच एवढीच होती, आणि स्थिरावलेली कित्येक बाळं पुढे पुन्हा उठू लागली होती, हे कुणी सांगत नाही. पाच तास! मी ते वाचलं त्या रात्री मुलीकडे जरा आदराने पाहिलं.

आजचं स्लीप ट्रेनिंग मुख्यतः बॉस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बर यांच्या १९८५च्या पुस्तकातून आलं. त्यांचं निरीक्षण मला खरं वाटतं: बाळ ज्या स्थितीत झोपी जातं तीच स्थिती त्याला मध्ये जाग आल्यावर हवी असते. कडेवर झोपलं तर कडेवर, पाळण्यात तर पाळण्यात. म्हणून जागं असताना खाली ठेवावं आणि रडलं तर वाढत्या अंतराने आत जाऊन धीर द्यावा. हे होल्टपेक्षा कितीतरी मवाळ आहे. ऑस्ट्रेलियात अशा सौम्य पद्धती वापरलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा मुलं सहा वर्षांची होईपर्यंत केला गेला. मुलांना अपाय दिसला नाही, टिकाऊ फायदाही दिसला नाही. मुलं दोन वर्षांची असताना आयांमध्ये नैराश्याची लक्षणं मात्र कमी होती. ही गोष्ट छोटी नाही, आणि ती करणाऱ्या बाईला निर्दय म्हणणाऱ्यांनी आठवडाभर माझ्या घरी मुक्कामाला यावं.

पण या पुस्तकालाही दुसरी खोली लागतेच. आमच्या फ्लॅटला ती आहे, नावापुरती. मधल्या भिंतीतून शेजारच्या काकांचा खोकला ऐकू येतो.

अफूची गोळी कशाने हटली? उपदेशाने फारशी नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. १९३१च्या व्हिटली आयोगाने कारखान्यांत पाळणाघरांची शिफारस केली. १९४८च्या कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचं केलं. मालकांनी त्यावर शोधलेला तोडगा असा, की बायकाच कमी ठेवायच्या. गिरण्यांतला त्यांचा वाटा पुढे घसरतच गेला. २०१७च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि आता रात्रीचं पाजणं कमी करा, तिला शिकवा, असा सल्ला मिळू लागतो तोही सहाव्या महिन्यालाच. बाळाच्या मेंदूत त्या दिवशी काही बदलत नाही. रजा संपते.

माझी येत्या वीस तारखेला संपते. नवऱ्याने आणि मी रात्र दोन वाजता तोडली आहे. दोनपर्यंत तो, नंतर मी. त्याला थोपटता येतं, अंगाई येत नाही, म्हणून तो क्रिकेटच्या जुन्या सामन्यांचं समालोचन हळू आवाजात म्हणतो. तिला ते चालतं. सासूबाई म्हणतात, झोळी बांधा. छताला हूक नाहीये, ड्रिल मशीन कुणाकडे आहे ते विचारायचं आहे.