पगारातली कपात आणि पहिलं नाटक

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ड्युटीला जाता-येता आपल्याला ऐकणारे बरेच जण आहेत, आजचा भाग खास त्यांच्यासाठी. जून किंवा डिसेंबरची पगाराची स्लिप काढा. एक बारीकशी कपात दिसेल, कामगार कल्याण निधीची. 2024 पासून कामगाराचे 25 रुपये जातात, मालक 75 भरतो. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे कशाला, म्हणाल. तर या पैशात नाटक आहे.

सोलापूरची पहिली कापडगिरणी, आपली 'जुनी मिल', 1877 ची. पुढं गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले, टॉवेल-चादरी एमआयडीसीच्या शेडमध्ये निघू लागल्या. या दोन्हींच्या मधे, 1953 साली, तेव्हाच्या मुंबई राज्यात कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्या निधीत काय जमा करायचं ठरलं, ऐका : कामगारांकडून वसूल झालेला दंड, आणि तीन वर्षं वाटलाच न गेलेला पगार. म्हणजे कुणाचा तरी उशिरा आल्याचा दंडसुद्धा! त्यातून कामगार कल्याण मंडळ उभं राहिलं, आणि मंडळाची नाट्यस्पर्धा. दिवसा मशीनवर असणारा माणूस संध्याकाळी तालमीला जाऊ लागला.

आता दुसरं बक्षीस बघा. राज्य सरकार नाटककाराच्या पहिल्या प्रकाशित पुस्तकाला विजय तेंडुलकरांच्या नावानं पुरस्कार देतं. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याला छापलेलं पुस्तक लागतं. शेडमध्ये बारा तास काढणाऱ्याचं नाटक कोण छापणार? ते वहीत असतं, फार तर झेरॉक्समध्ये.

आणि गंमत म्हणजे खुद्द तेंडुलकरांचं 'गृहस्थ' हे सुरुवातीचं नाटक साफ पडलं होतं. पुन्हा नाटक लिहायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. ते मोडून 1956 मध्ये 'श्रीमंत' लिहिलं आणि नाव झालं.

म्हणून मला वाटतं, नव्या नाटककाराला बक्षिसाआधी एक गोष्ट लागते : नाटक पडलं तरी चालेल अशी जागा. लोक कुठं हसतात, कुठं चुळबुळ करतात, हे प्रयोगाशिवाय कळत नाही. कामगार स्पर्धेनं ती जागा दिली. तिथं छापील पुस्तक नको, संहिता हवी आणि प्रयोग करणारी माणसं हवीत. आणि हे काही कुणाचे उपकार नाहीत. त्यात तुमचाही पैसा आहे.

आपल्या शेडमध्ये एका वाक्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी येतं. ती भाषा बाहेरच्या माणसाला नुसती ऐकून लिहिता यायची नाही. ती तुम्हालाच येते. तेव्हा जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जा, यंदाच्या स्पर्धेचे नियम विचारा. आणि पहिला प्रवेश लिहून झाला की मला व्हॉइस नोटवर वाचून दाखवा. पुढच्या भागात भेटू!