रिबेका आणि तिच्या लेकी

नाक्यावर पैसे मोजून पुढे जायचे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे तेथे जाणाऱ्याला आजही सांगतात. रस्ता वापरणाऱ्याने त्याचा खर्च सोसावा, हे तत्त्वही कोणा समंजस माणसाला पटू नये असे नाही. मग लोक नाके फोडतात ते का? या प्रश्नाचे फार बोलके उत्तर वेल्सच्या इतिहासात सापडते.

अठराव्या शतकापासून ब्रिटनमधले पुष्कळसे मोठे रस्ते 'टर्नपाइक ट्रस्ट' या मंडळांच्या हाती होते. पार्लमेंटच्या कायद्याने स्थानिक जमीनदार विश्वस्त होत. ते कर्ज काढून रस्ता दुरुस्त करीत आणि नाके बसवून पैसे वसूल करीत. पुढे कर्जाचे व्याज भागेना, तेव्हा त्यांनी वसुलीचा मक्ता लिलावाने देण्यास सुरुवात केली. मक्तेदाराला रस्त्याशी कर्तव्य नव्हते. त्याला आपली रक्कम नफ्यासह काढायची होती.

नैर्ऋत्य वेल्समधील शेतकऱ्याला हा जाच विशेष जाणवला. तेथील जमीन आंबट. चुना घातल्याखेरीज पीक धड येत नाही. चुन्याची गाडी भट्टीपासून शेतापर्यंत आणताना वाटेत नाक्यामागून नाके लागत. काही ठिकाणी तर चुन्याच्या किमतीपेक्षा नाक्यांवरचा खर्चच जड होई. आडवाटेने जावे, तर तेथेही नवा आडणा बसलेला! त्यातच पिके बुडालेली, खंड आणि चर्चचा दशमांश चुकत नसलेला.

13 मे 1839च्या रात्री एफेलवेन येथील नाका लोकांनी उद्ध्वस्त केला. पुरुषांनी बायकांचे कपडे घातले होते, तोंडाला काळे फासले होते. म्होरक्याचे नाव 'रिबेका', बाकीच्या तिच्या 'लेकी'. आपल्या वैऱ्यांची दारे रिबेकेच्या वंशजांच्या हाती येवोत, असा आशीर्वाद बायबलात आहे. त्यावरून हे नाव आले, असे मानतात. पुढे या हल्ल्यांचे एक नाटकच ठरून गेले. आंधळ्या म्हातारीचे सोंग घेतलेली रिबेका काठीने चाचपडत नाक्यापाशी येई आणि वाट अडली म्हणून कुरकुरे. लेकी धावून येत आणि कुऱ्हाडी चालू होत.

1842च्या हिवाळ्यात चळवळ पुन्हा पेटली आणि दुसऱ्या वर्षी दक्षिण वेल्सभर पसरली. मात्र तिला नुसते वीररसाने रंगवणे खरे ठरणार नाही. सप्टेंबर 1843 मध्ये हेंडी येथील नाक्याची राखणदार सेरा विल्यम्स ही वृद्ध स्त्री हल्ल्यात मारली गेली. आणि पंचांनी मृत्यूचे कारण अज्ञात ठरवले! जुलूम मक्तेदाराचा आणि बळी नाक्यावरच्या म्हातारीचा, असा हा न्याय झाला.

सरकारने सैन्य धाडले, तसा चौकशी आयोगही नेमला. आयोगाने गावोगावी साक्षी घेतल्या. 1844च्या कायद्याने दक्षिण वेल्समधील ट्रस्ट मोडून रस्ते जिल्हा मंडळांकडे दिले, दर सारखे केले आणि चुन्यावरचा टोल निम्म्यावर आणला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, टोल रद्द झाला नाही. नाके राहिले, पैसे द्यावे लागलेच. पण नाके फोडण्याचे सत्र थांबले.

आजच्या काळात शहरातली गर्दी आवरण्यासाठी रस्त्याला किंमत लावतात, तेथेही हेच दिसते. एडिंबरोमध्ये 2005 साली अशा योजनेवर आधीच कौल घेतला. सुमारे तीन चतुर्थांश मते विरुद्ध पडली. स्टॉकहोमने निराळा मार्ग धरला. अगोदर बसगाड्या वाढवल्या, मग 3 जानेवारी ते 31 जुलै 2006 पर्यंत आकारणी करून दाखवली. हद्द ओलांडणारी वाहने सुमारे एक पंचमांशाने घटली. सप्टेंबरमध्ये विचारले, तेव्हा आधी नाराज असलेल्या शहराने थोड्या मताधिक्याने होकार दिला आणि ऑगस्ट 2007 पासून योजना कायम झाली. भोवतालच्या ज्या नगरपालिकांनी आपापले मतदान घेतले, तेथे मात्र एकंदर कौल विरुद्धच गेला. आत येताना पैसे त्यांच्या रहिवाशांना द्यावे लागत. मोकळ्या रस्त्यांचे सुख मुख्यतः शहरवासीयांचे.

आपल्याकडे कोल्हापुरात टोलविरुद्ध लोकांनी दीर्घ लढा दिला आणि 2015 साली सरकारने तो रद्द करण्याचे जाहीर केले. अशा वेळी 'लोकांना सारे फुकट हवे' असे म्हणण्याची सोय असते. वेल्सच्या शेतकऱ्याने तिला उत्तर देऊन ठेवले आहे. पैसा कोण घेतो, किती वेळा घेतो आणि त्याच्या बदल्यात काय पदरी पडते, एवढे तो विचारीत होता. ज्या दिवशी त्याला बरेचसे उत्तर मिळाले, त्या दिवसापासून तो नाक्यावर पैसे देऊ लागला.