बिल एक, अर्थ दोन

१८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज हरली, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८६१ पासून नागपुरातून मध्य प्रांताचा वरिष्ठ कारभार इंग्रजीत चालू लागला. तो देशी भाषांत आणताना सर्वांत चिवट ठरले ते अनेकार्थी इंग्रजी शब्द. 'बिल' विधानसभेत मांडले जाते आणि कोषागारात वटवलेही जाते. 'चार्ज' अधिकारी घेतो, आरोपीवर ठेवला जातो आणि ग्राहकाकडून वसूलही होतो. मध्य प्रांतातील पं. रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने हे काम कोशकार डॉ. रघुवीर यांच्याकडे सोपवले. संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय जोडून त्यांनी शब्द घडवले. १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा झाल्या, आणि डॉ. रघुवीर यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये नागपुरातूनच निघाला.

या खटाटोपाची किंमत अजून नीट ओळखली गेलेली नाही, असे मला वाटते. विधेयक वेगळे, देयक वेगळे. कार्यभार, दोषारोप आणि आकार हे तीन वेगळे. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले अर्थ मराठी कारभारात सुटे झाले. यावर आक्षेप असा की, सीताबर्डीच्या बाजारातला दुकानदार आजही बिलच देतो आणि त्याचे काही अडत नाही. खरे आहे, समोरासमोरच्या बोलण्यात संदर्भ हाताशी असतो. पण कायद्याचे कलम वीस वर्षांनी, ते लिहिणाऱ्याला कधीही न भेटलेला माणूस वाचतो. तिथे अर्थ शब्दानेच पेलायचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मला मान्य आहे. हिंदी-मराठीला एकच संस्कृत साठा पुरेल, ही समजूत चुकीची होती. 'शिक्षा' हिंदीत शाळेत मिळते, मराठीत न्यायालयात. 'विधी' हा शब्द कायद्यासाठी घेतला, पण तो म्हटला की मराठी माणसाला आधी लग्न आणि श्राद्ध आठवते. म्हणजे इंग्रजीतला संदिग्धपणा काढताना काही ठिकाणी संस्कृतातला आत आला. अर्थ वेगळे करण्याची पद्धत बरोबर होती. प्रत्येक शब्द मराठीच्या चालू वापरावर घासून पाहायला हवा होता, ते पुरेसे झाले नाही. १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालय स्थापन झाले. तरी कायद्याचे काम पाहणाऱ्या खात्याचे नाव आजही 'विधी व न्याय विभाग' असेच आहे.