मधुमेहाच्या शोधांतील मासा



मधुमेहाची व्यथा ज्यास अगदीं परकी आहे, असें घर आज शहरांत विरळाच सांपडेल. इन्शुलिनच्या शोधाची कथा निघाली कीं टोरांटो शहर, बँटिंग व बेस्ट हे संशोधक आणि त्यांच्या प्रयोगांतील कुत्रे यांचें स्मरण सर्वांस होतें. पण या कथेंत एका कुरूप समुद्री माशालाहि मानाचें स्थान आहे, हें फारसें कोणी सांगत नाहीं. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

१८६९ सालीं बर्लिनमध्यें पॉल लांगरहान्स या तरुण विद्यार्थ्यास स्वादुपिंडांत सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींचे कांहीं निराळेच पुंजके दिसले. बेटांप्रमाणें विखुरलेल्या या पुंजक्यांस पुढें लांगरहान्सचीं बेटें म्हणूं लागले. १८८९ सालीं मिंकोव्हस्की व फॉन मेरिंग यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्यास मधुमेह जडला. म्हणजे साखरेवर अंमल चालविणारें द्रव्य या पिंडांत आहे खास. पण तें पाचक रस करणाऱ्या भागांत उत्पन्न होतें, कीं बेटांत? सस्तन प्राण्यांत हे दोन्ही भाग एकमेकांत इतके मिसळलेले असतात कीं, त्यांची फारकत करणें मोठें कठीण.

माशांत ही फारकत निसर्गानेंच करून ठेवली आहे. अनेक अस्थिमय माशांत बेटांच्या पेशी एकत्र येऊन नुसत्या डोळ्यांस दिसेल अशी स्वतंत्र गांठ बनते. अॅबर्डीनच्या रेनी व फ्रेझर यांनीं ही संधि ओळखून अशा गांठी मधुमेही रोग्यांस खाऊं घातल्या, आणि १९०७ सालीं तो प्रयोग प्रसिद्ध केला. परंतु इन्शुलिन हें प्रथिन. तें पोटांत पचून जातें. रोग्यांस निश्चित गुण आला नाहीं.

जानेवारी १९२२ मध्यें टोरांटोच्या रुग्णालयांत लेनर्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यांत आला. ज्या रोगांत मुलें झिजून झिजून मरत, त्यावर उतारा मिळाला. तरीहि तो बेटांतूनच येतो, हें सिद्ध व्हावयाचें होतें. त्याच उन्हाळ्यांत प्राध्यापक मॅक्लाउड हे कॅनडांतील सेंट अँड्र्यूज येथील सागरी केंद्रावर गेले. डोक्यावरील आमिष हालवून भक्ष्य जवळ ओढणारा अँगलर मासा त्यांनीं निवडला. त्याच्या गांठीचा आणि उरलेल्या स्वादुपिंडाचा अर्क वेगवेगळा काढून तो सशांस टोचला. गांठीच्या अर्कानें रक्तांतील साखर उतरली. दुसऱ्यांत तो गुण आढळला नाहीं. इन्शुलिन म्हणजे 'बेटाचें', हें नांव सार्थ ठरलें.

पुढें सुमारें साठ वर्षांनीं हाच मासा पुन्हा कामीं आला. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या जनुकांवर प्रयोग करण्यास अमेरिकेंत कडक निर्बंध होते, म्हणून बोस्टनचे जोएल हॅबेनर अँगलर माशाच्या गांठीकडे वळले. साखर वाढविणाऱ्या ग्लुकागॉनच्या पूर्वद्रव्यांत तशाच दुसऱ्या एका द्रव्याची रचना दडलेली आहे, असें १९८२ सालीं त्यांस आढळलें. त्या धाग्यानें सस्तन प्राण्यांतील जीएलपी-१ हातीं लागलें. तें इन्शुलिनचा स्राव वाढवितें, हें १९८७ सालीं दिसून आलें. सेमाग्लुटाइड हें आजचें औषध त्याच्याच धर्तीवर घडविलेलें आहे.

आतां झेब्राफिश या बोटाएवढ्या माशावर मनोविकारांचाहि अभ्यास चालतो. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, तणावाच्या संप्रेरकास प्रतिसाद देणारें जनुक सदोष असलेले मासे नव्या टाकींत स्तब्ध राहिले, आणि खिन्नतेवरील फ्लुओक्सेटिन पाण्यांत मिसळल्यावर त्यांची हालचाल सुधारली. यावरून मासा खिन्न होता असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं; शरीरांतील एक दुवा तेवढा उघड झाला.

मासा म्हणजे माणूस नव्हे. रेनींपाशीं मासा होता, पण मार्ग चुकला. मॅक्लाउड यांनीं त्याला एकच नेमका प्रश्न विचारला. आपल्या देहांत जें गुंतलेलें आहे, तें जो प्राणी सुटें करून दाखवितो, तो त्या एका प्रश्नापुरता आपला गुरु. तेवढी मर्यादा पाळली, तर त्याचें ऋण मान्य करण्यांत आपणांस संकोच वाटूं नये.